कावीळ, परेज आणि भगत

दवाखान्यात चिठ्ठी हातात पडली की आमच्या भागातला रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो परेजाचा. गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची हे तो नंतर विचारतो, कधी कधी विचारतच नाही. "सगळे खा" असे सांगितले तर त्याचा चेहरा उतरतो. ज्या औषधाला परेज नाही ते औषध त्याला हलके वाटते. हा समज अडाणीपणाचा आहे असे मानून अनेक डॉक्टर हसून सोडून देतात. मला तसे करता येत नाही, कारण पावसाळा लागला आणि कावीळ सुरू झाली की याच परेजापायी काही रुग्ण बरे होण्याऐवजी खंगत जातात.

पथ्याला आपल्याकडे फार जुना मान आहे. लोलिंबराजाच्या 'वैद्यजीवन' या ग्रंथाचा तर असा दावा आहे की, पथ्य पाळले तर औषधाची गरज नाही आणि पथ्य नसेल तर औषधाचा उपयोग नाही. मधुमेहात, किडनीच्या आजारात, उच्च रक्तदाबात आजचे वैद्यकशास्त्रही पथ्याशिवाय बोलत नाही. प्रश्न पथ्य असावे की नसावे हा नाहीच. कोणते, किती दिवस, आणि ते सोडवायचे कोणी, हा प्रश्न आहे. यातला शेवटचा भाग फारसा कोणी विचारात घेत नाही. आजचा लेख मुख्यत्वे त्यासाठी.

कावीळ झाली की आपल्या जिल्ह्यात काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणीकडच्या कोलाम पोडांवर असो की पुसद-दारव्ह्याच्या बाजारपेठेत असो, डोळे पिवळे दिसले की घरचे लोक आधी झाडपाल्याचे औषध देणाऱ्याचा पत्ता विचारतात. तो बहुधा रविवारी किंवा बुधवारी सकाळी, अनशापोटी, कसली तरी मुळी ताकात किंवा दुधात वाटून देतो. झाडाचे नाव सांगत नाही. सांगितले तर गुण जातो अशी समजूत. पुष्कळ जण पैसेही घेत नाहीत, नारळ-अगरबत्ती पुरते. आणि मग परेज: तेल बंद, तूप बंद, फोडणी बंद, हळद बंद (पिवळ्याने पिवळे वाढते म्हणून), मीठ कमी किंवा बंद. भाकर, ताक, मुळा, उसाचा रस, फुटाणे चालतात. कुठे सात दिवस, कुठे एकवीस, कुठे सव्वा महिना.

गोवर-कांजण्यांत हीच रीत थोड्या फरकाने दिसते. घरात 'माता' आली म्हणून दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात तळण नाही, फोडणी नाही, बाहेरच्या माणसाला मज्जाव. म्हणजे एक झाड, एक पथ्य आणि एक दैवत अशी तिन्हीची गाठ आपल्या आजीने बांधून दिलेली आहे.

ही गाठ केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात ॲमेझॉनच्या जंगलातून उकायाली नावाची मोठी नदी वाहते. तिच्या काठी शिपिबो आदिवासींची गावे आहेत. त्यांच्या भगतांच्या उपचाराचे नावच मुळी 'दिएता' आहे. शब्द स्पॅनिश, अर्थ पथ्य. रुग्णाने गावापासून दूर झोपडीत राहायचे, भगताने ठरवून दिलेल्या एका झाडाच्या सालीचा, मुळीचा किंवा पानांचा काढा घ्यायचा आणि उकडलेली कच्ची केळी व ठरावीक मासे एवढ्यावर दिवस काढायचे. मीठ, साखर, मिरची, तेल, डुकराचे मांस, दारू आणि शरीरसंबंध वर्ज्य. हे काही दिवस चालते, कधी काही महिने. शिकाऊ भगतालाही हेच पथ्य करावे लागते, किंबहुना त्याला जास्त. झाड हे गुरू आहे, ते पथ्य करणाऱ्याच्या स्वप्नात येते, त्याला गाणी शिकवते, आणि पुढे तीच गाणी म्हणून तो रुग्णाला बरे करतो, अशी तिथली श्रद्धा. पथ्य मोडले तर झाड रागावते, आणि ज्याने गुण द्यायचा तेच उलटते. आपण म्हणतो अमक्याच्या हाताला गुण आहे. त्यांच्याकडे गुण झाडाचा, आणि तोही अटी पाळणाऱ्यालाच.

आता एक बारीकशी गोष्ट, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. तिकडचे हे पथ्य आपोआप संपत नाही. ठरलेले दिवस भरले की भगत स्वतः ते सोडवतो. मीठ, लिंबू, मिरची, कांदा असे काही तोंडात घालून पथ्य 'कापले' जाते. त्याआधी रुग्णाने मीठ चाखले तर त्याला धडकी भरते. आपल्याकडेही परेज घालणारा भगतच नारळ फोडून ते सोडवतो. म्हणजे परेज ही नुसती जेवणाची यादी राहत नाही, तो दिलेला शब्द होतो. शब्द ज्याला दिला त्यानेच तो मोकळा करायचा. डॉक्टरने चिठ्ठीवर 'सर्व आहार चालेल' असे कितीही ठळक लिहिले तरी रुग्ण घरी जाऊन कोरडी भाकरच खातो, याचे कारण इथे आहे.

शास्त्राला काय दिसते?

शिपिबोंचे पथ्य सगळेच निराधार आहे काय? तसे म्हणता येत नाही. त्यांच्याकडे आयावास्का नावाचा एक काढा आहे, एका वेलीची खोडे आणि एका झुडपाची पाने एकत्र उकळून केलेला. तो घेतला की माणसाला नाना दृश्ये दिसतात. पेरू सरकारने २००८ मध्ये त्याच्या पारंपरिक ज्ञानाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. या वेलीतील द्रव्ये शरीरातील एका पाचक रसायनाला अडवून धरतात. त्या वेळी जुने चीज, खारवलेले किंवा मुरलेले मांस असे पदार्थ पोटात गेले तर त्यांतील टायरामिन नावाचे द्रव्य नष्ट होत नाही आणि रक्तदाब एकाएकी चढू शकतो. तेव्हा काढ्यापूर्वी साधे, ताजे अन्न खाण्याच्या नियमाला आधार सापडतो. मिठाच्या बंदीला मात्र तसा आधार नाही. आणि नैराश्यावरच्या काही आधुनिक गोळ्या चालू असताना हाच काढा घेतला तर जिवावर बेतू शकते. ते जुन्या परेजात येणार तरी कसे, तेव्हा त्या गोळ्याच नव्हत्या.

जुन्या झाडपाल्याला आधार सापडल्याचे आपल्याकडचे उदाहरण सर्पगंधेचे. या मुळीचा उपयोग वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी पूर्वापार होत असे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती पद्धतशीर देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपले निष्कर्ष छापले. जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि रक्तदाबाची एक नवी गोळी जगाला मिळाली. पुढे त्याच गोळीने काही रुग्णांना तीव्र नैराश्य येते हेही ध्यानात आले. झाडात गुण असतो तिथे अवगुणही असतो. माप आणि पाळत हवीच.

मग काविळीच्या मुळीचे काय? आधी कावीळ म्हणजे काय ते पाहू. कावीळ हा रोग नसून खूण आहे. रक्तात बिलिरुबीन नावाचे पिवळे द्रव्य साचले की डोळे व लघवी पिवळी होते. पावसाळ्यात आपल्याकडे येणारी कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून शिरलेल्या 'अ' किंवा 'ई' विषाणूची असते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे घाण पाणी नळात शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, ती 'ई' विषाणूची होती हे नंतरच्या तपासणीत कळले. तेव्हा विहिरीत ब्लिचिंग पावडर पडते की नाही हे भगताच्या मुळीपेक्षा महत्त्वाचे आहे, पण त्यासाठी ग्रामपंचायतीशी भांडावे लागते, आणि मुळी शेजारच्या गावात मिळते.

ही 'अ' आणि 'ई' विषाणूची कावीळ बहुसंख्य रुग्णांत दोन ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. विषाणूला शरीरच हटवते. मुळी घेतली तरी, न घेतली तरी, डॉक्टरने सलाइन लावले तरी. एकवीस दिवसांचे पथ्य ज्याने कोणी पहिल्यांदा ठरवले त्याचे निरीक्षण चांगले असले पाहिजे, कारण निसर्ग साधारण तेवढाच वेळ घेतो. दहा रुग्णांपैकी नऊ बरे होणारच असतात. त्या नवांच्या तोंडून भगताची कीर्ती गावोगाव जाते. दहाव्याचे नातेवाईक "उशीर झाला होता" असे म्हणून गप्प बसतात. (सलाइन लावणाऱ्या आमच्या बंधूंचीही कीर्ती याच हिशेबाने वाढते, हे कबूल केले पाहिजे.)

काही प्रकार मात्र सरळ हातचलाखीचे आहेत. चुन्याच्या पाण्याने हात धुतले की पाणी पिवळे होते, ती कावीळ उतरली असे दाखवतात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असेल तर निरोगी माणसाच्या हातानेही पाणी पिवळे होईल, करून पाहा. डोक्यावर ठेवलेली काड्यांची माळ रोज लांब होत पोटापर्यंत येते. ओल्या काड्या वाळून बारीक झाल्या, त्यांच्यावरचा दोरा सैल पडला, की माळ लांबणारच. खुंटीला टांगली तरी लांबेल. नाकात देवडांगरीचे थेंब टाकतात आणि नाकातून पिवळे पाणी धो धो वाहते. ते पित्त नव्हे. नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला झालेली आग आहे ती. कधी रक्तही येते. हा प्रकार कोणीही करू नये.

भुईआवळ्याबद्दल लोक हमखास विचारतात. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले की भुईआवळा दिलेल्या अनेक रुग्णांच्या रक्तातून 'ब' विषाणूची खूण नाहीशी झाली. मोठी आशा निर्माण झाली. पण पुढे इतरांनी करून पाहिले तेव्हा तसा गुण खात्रीने दिसला नाही. गुळवेलीची गोष्ट उलटी झाली. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी लोकांनी तिचे काढे महिनोन्‌महिने घेतले, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असे काढे घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद चालू राहिला. आधीच सुजलेल्या यकृतावर नाव न सांगितलेली मुळी टाकू नये, एवढे मात्र वाद न घालता म्हणता येते.

परेज कुठे मारते?

काविळीत तेल-तूप बंद करण्याचा सल्ला एके काळी डॉक्टरही देत. अमेरिकन सैनिकांत कोरियाच्या युद्धाच्या वेळी काविळीची साथ आली तेव्हा थॉमस चाल्मर्स या डॉक्टरने रुग्णांचे गट पाडून वेगवेगळा आहार देऊन पाहिला. १९५५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: भरपूर उष्मांक व भरपूर प्रथिने खाणारे लवकर सुधारले, आणि सक्तीने अंथरुणाला खिळून राहण्याचा काही फायदा दिसला नाही. मळमळीमुळे तेलकट नको वाटते ते खरे. नको वाटेल तेव्हा देऊ नये. पण वरणावर चमचाभर तेलाची फोडणी, भाकरीला तूप, अंडे, दूध, डाळ यांनी यकृत बिघडत नाही. हळदीचा व डोळ्यांच्या पिवळेपणाचा काही संबंध नाही. काविळीच्या रुग्णाला मळमळ बहुधा दिवस चढेल तशी वाढते, म्हणून सकाळचे जेवण भरभक्कम द्यावे. दारूचे परेज मात्र पूर्ण पाळावे, आणि ते एकवीस दिवसांनी सोडवूही नये.

धडधाकट माणूस महिनाभर कोरडी भाकर खाऊन तग धरतो. खालची माणसे धरत नाहीत.

पहिली, सिकलसेलचा रुग्ण. आपल्या जिल्ह्यात आदिवासी समाजात आणि इतरही काही समाजांत हा आजार आहे. निरोगी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत फुटते, आणि फुटलेल्या पेशींतूनच ते पिवळे द्रव्य तयार होते. त्यामुळे अशा मुलाचे डोळे वारंवार पिवळे दिसतात. घरचे म्हणतात, "याला दर वर्षी कावीळ होते," आणि दर वर्षी त्याला मुळी आणि परेज मिळते. या मुलाला उपास आणि पाण्याची कमतरता अजिबात सोसत नाही. त्यातूनच हातापायांच्या वेदनांचा झटका उठतो. ज्या मुलाची कावीळ परत परत येते, सांधे दुखतात, अंगात रक्त कमी आहे, त्याच्या रक्ताची सिकलसेल तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत या तपासणीवरच भर आहे.

दुसरी, गरोदर बाई. शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' विषाणूची कावीळ फार भयंकर ठरते. काही साथींत अशा पाचांतली एक बाई दगावल्याचे दिसले आहे. गरोदरपणात डोळे पिवळे झाले तर एकही रविवार थांबू नये.

तिसरा, क्षयाच्या गोळ्या घेणारा. त्या गोळ्यांपैकी काहींनी यकृताला सूज येऊ शकते. अशा माणसाला कावीळ दिसली तर ज्या केंद्रातून गोळ्या मिळतात तिथे त्याच दिवशी जावे. कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि पुन्हा कशा सुरू करायच्या ते तिथेच ठरते. ताप, थंडी आणि कावीळ एकत्र असेल तर मलेरियाची तपासणी हवी. म्हाताऱ्या माणसाची कावीळ खाज सुटून हळूहळू वाढत गेली तर पित्तनळीत खडा किंवा गाठ असू शकते, सोनोग्राफी करावी.

आता भगताचे काय करायचे? पोलिसांकडे द्यायचे असे काही सुशिक्षित वाचक म्हणतील. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण जो माणूस कोणाला अडवत नाही, ज्याच्या अंगणात रुग्ण तासभर बसतो, ज्याला त्याच्या आजोबांचे नाव माहीत असते, त्याच्याशी भांडून मला काय मिळणार? मी रुग्णाला जेमतेम पाच मिनिटे देतो. भगत त्याच्या भीतीला नाव देतो, घरच्या सगळ्यांना एका कामाला लावतो, पाळायला नियम देतो. आपल्या बाजूच्या आदिलाबादेत राजगोंडांचा अभ्यास करणाऱ्या हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे की गोंड लोक स्थानिक देवांच्या पूजेसाठी कोलामांना पुजारी म्हणून बोलावतात. इतका जुना मान डॉक्टरच्या एका चिठ्ठीने पुसला जात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या सर्च संस्थेच्या दवाखान्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव आहे, ते उगीच नव्हे.

म्हणून मी काविळीच्या रुग्णाला विचारतो, परेज कोणी घातले, आणि ते कधी सुटणार? मग त्याच्या भावाला किंवा बापाला भगताकडे पाठवतो. निरोप असा: "भाऊ, मुळी आता पुरे. रक्त कमी आहे, तेल-मिठाचे आणि दूध-अंड्याचे परेज तुम्ही सोडवून द्या. दारूचे तसेच ठेवा." बहुतेक भगत हे ऐकतात. नारळ फुटतो, आणि त्या संध्याकाळपासून रुग्ण जेवू लागतो. जे ऐकत नाहीत त्यांच्याकडे मी स्वतः जातो. घरी आलेल्या डॉक्टरला सहसा कोणी परत पाठवत नाही.

ज्यांच्याशी अशी ओळख झाली त्यांना मी काही खुणा सांगून ठेवल्या आहेत, त्या वाचकांनीही ध्यानात ठेवाव्यात. रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, असंबद्ध बोलतो, माणसे ओळखत नाही. उलट्या थांबत नाहीत. हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाते. पोट फुगते, पाय सुजतात किंवा लघवी बंद होते. यातले एकही दिसले तर यकृत हात टेकू लागले आहे असे समजावे आणि मुळी, गोळी, परेज सगळे बाजूला ठेवून रुग्णाला गाडीत घालावे. भगतांना यातली रात्री जागण्याची आणि बडबडण्याची खूण 'बाहेरची बाधा' वाटते, आणि नेमका तिथेच एक-दोन दिवसांचा वेळ जातो. ही बाधा आधी रक्त तपासूनच पाहावी, उतारा नंतर. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय रुग्णालयात रात्रीही दाखल करून घेतात. १०८ क्रमांकाची गाडी फुकट येते.